फरशीवाल्या मावशींचा राग

फरशीवाल्या मावशींना राग आला की त्या फरशी आणखी जोरात घासायच्या. वॉर्डात खरखर वाढली की आम्ही पेशंट ओळखायचो, आज कुणीतरी काहीतरी बोललंय. मावशी वैरागकडच्या, काटक आणि तोंडाने फटकळ. सोलापूरच्या त्या दवाखान्यात वर्षानुवर्षं कंत्राटावर राबत होत्या.

मी तिथे पडून होते मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच उलटते आणि मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते, असा हा आजार. माझा डावा डोळा अंधुक झाला होता, पाय लटपटत होते. सासूबाई भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" मावशींनी बादली दाणकन आदळली. "तुमी ऱ्हावा की हितं चार दिस, मग कळंल कंटाळा!"

एकदा भिंती रंगवायला माणूस आला, तर मावशी आडव्या. "पोपडं खरवडल्याबिगर ब्रश लावायचा न्हाय." बिचारा सकाळभर खरवडत बसला.

त्याच आठवड्यात डॉक्टर माझ्या कॉटपाशी विद्यार्थ्यांना शिकवत होते. "मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी खराब मायलिनचा कचरा गिळून साफ करतात. कचरा पडून राहिला तर नवं आवरण नीट तयार होत नाही. पण याच पेशी बिथरल्या तर नुकसानही करतात." पोरांनी शेवटचं वाक्य तेवढं लिहून घेतलं. मावशी फरशीवरून उठल्याच. "आदीचं बी लिव्हा की! झाडताना फुटतो एकादा कप. म्हनून झाडणाराच वाईट व्हय?" डॉक्टर हसले. मावशी हसल्या नाहीत.

उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवस पाणी नाही, स्टोअरमधलं फिनेल संपलेलं. मावशी स्वतःच्या घरून कळशी भरून आणायच्या. मी रोज बघत होते. तरी वॉर्डात दोघांच्या जखमा चिघळल्या आणि चौकशीवाल्यांनी काय शोधून काढलं? सफाई नीट नव्हती! फिनेल न आणणारे खुर्चीत, आणि मावशी घरी. काय हा न्याय!

पेशंटांनी मिळून मावशींच्या बाजूने अर्ज लिहिला. कागद माझ्याकडे सहीला आला. माझी महागडी इंजेक्शनं त्याच दवाखान्यातून फुकट मिळत होती. मी म्हणाले, "आज डोळ्याला दिसत नाहीये, नंतर करते." खोटं बोलले मी. उजव्या डोळ्याने मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

जाताना मावशी मुद्दाम माझ्याकडे आल्या. "बरं केलंस पोरी. तुजं औषद बंद केलं असतं त्यांनी. माजं काय, दुसरं काम गावंल."

अहो, शिव्या तरी घालायच्या! दवाखान्यावरचा राग मी आजही चारचौघांत काढते. माझ्यावरचा कुठे काढू? अर्जात मावशींचं पूर्ण नाव लिहिलं होतं म्हणे. मी तो वाचलाच नाही, त्यामुळे ते नाव मला अजून ठाऊक नाही.