दाराचा वारा

आमचे हे उन्हाळ्यात मला कधी सरळ गाडीत बसू द्यायचे नाहीत. शेलूबाजारचा बाजार करून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी उन्हात उभी. हे आधी पलीकडची काच खाली करायचे, मग माझ्या बाजूचं दार धरून भराभरा उघडझाप करायचे. येणारेजाणारे हसायचे. मला लाज वाटायची आणि त्याहून जास्त राग यायचा.

"अवो, गाडीले काय वारा घालून राह्यले? लोक पाह्यतात."

"पाहू दे. ऊन काचीतून आत येते, सीट तापवते, पण ती गरमी वापस काचीतून निघू शकत नाई. कोंडून बसते. तिले हाकला लागते." मग सीटवर हात ठेवून बघायचे आणि म्हणायचे, "बस आता."

दिवाळीनंतर एका सकाळी छातीत कळ आली म्हणून खाटेवर टेकले, ते उठलेच नाहीत. मला गाडी चालवता येत नाही, मुलगी सासरी. गाडी अंगणात होती तशीच उभी राहिली.

उन्हाळा लागल्यावर एकदा त्यांची पाण्याची कॅन काढायला मी दार उघडलं, आणि आतून हेच आले. खोटं नाही सांगत. तंबाखू, डोक्याचं तेल, घाम, सोयाबीनचा भुसा, सगळं त्या गरम हवेत एकदम. घरातले त्यांचे कपडे तर तेराव्यालाच देऊन टाकले होते. कॅन तिथंच सोडून मी दार लावून घेतलं.

मग रोज दुपारी तोच धंदा. काचा घट्ट आहेत ना, बघायचं. दार बोटभर उघडायचं, फटीला नाक लावायचं, पटकन बंद करायचं. ऊन जितकं कडक, तितका वास दाट. माझी जाऊ म्हणायची, "बाई, गाडीत काय खजिना ठेवला हाय?" ज्या गरमीला हे हाकलत होते, तिलाच मी राखत बसले होते.

गाडी उभ्या उभ्या सडेल म्हणून मुलीनं गिऱ्हाईक बघितलं. तिचं चूक नव्हतं. मे महिन्यात रिसोडचे नवरा-बायको भर दुपारी आले. सौदा झाला, बॅटरी बदलून गाडी सुरू झाली. बाई हौसेनं पुढच्या सीटवर बसली आणि ओरडतच बाहेर आली.

"अवो माय! जीव घाबरला माहा. ताई, काचा काहून लावून ठेवल्या वो?"

तिचा चेहरा लालबुंद झाला होता. नवरा चाकांना लाथा मारून बघण्यात गुंग. ती तशीच परत बसायला निघाली, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा, बसू नका."

मी पलीकडे जाऊन काच खाली केली. परत येऊन दार धरलं. हात उचलेना. मग हलवलं. पहिल्याच झोताबरोबर हे माझ्या तोंडावर आले, सगळेच्या सगळे. दुसऱ्या वेळी थोडे कमी. मी हलवत राहिले, रडत राहिले, आणि ती बाई बाजूला उभी राहिली. शेवटी नुसती हवा येऊ लागली, अंगणातल्यासारखीच.

सीटवर हात ठेवून बघितला.

"बसा आता," मी म्हणाले.