अक्काचा हातगुण

फोन तंजावरहून होता. शेजारच्या लक्ष्मीला हुंदके आवरत नव्हते, मधेच तमिळमध्ये एकच शब्द आला, "पोयिट्टांग…" गेल्या. कोण, हे विचारायची गरज नव्हती. तंजावरच्या आमच्या घरात आता एकटी अक्काच राहत होती. माझी थोरली बहीण इंदिरा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, जंतूंच्या भिंतींचा अभ्यास करण्यात जन्म घालवलेली बाई. दीड महिना झाला त्याला. भेटायला येणारे तिच्या संशोधनाबद्दल, विद्यार्थ्यांबद्दल बोलतात. मला मात्र राहून राहून दही आठवतं, आणि त्याला माझा नाइलाज आहे.

गोष्ट साठ सालच्या आसपासची. गावात नुकतंच मेडिकल कॉलेज निघालं होतं आणि अक्का तिथे जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवायची. आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात तिकडे गेलं ते तिकडचंच झालं. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, आणि भांडायला दोन्ही. अक्का कॉलेजातून आली की आई तिला मागल्या दारानं, विहिरीवर अंघोळ झाल्यावरच आत घ्यायची. "कसाला ते किडे हाताळत्येस गे?" हे आईचं रोजचं पालुपद. पण संध्याकाळी दही लावायचं काम मात्र अक्काचंच. कल्चट्टीत, म्हणजे दगडी भांड्यात, सुरीनं कापावं असं दही लागायचं तिच्या हातचं. आजूबाजूच्या बायका विरजण मागायला यायच्या, आणि आमच्या इंदूला हातगुण आहे, असं आई प्रत्येकीला ऐकवायची.

मग बंगळूरहून पत्र आलं. अक्काला संशोधनासाठी जागा मिळाली होती. जंतू आपल्या अंगाभोवतीची भिंत बांधतो ती कोणत्या प्रथिनांच्या जोरावर, हा विषय. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पत्र वाचून नीट घडी घातली आणि "आईला विचार" म्हणून हात झटकले. आई हो म्हणेना, नाही म्हणेना. आणि नेमकं त्याच आठवड्यात दही लागेनासं झालं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस… सकाळी झाकण काढावं तर दूध तसंच, पातळ, जरा वास मारणारं. तंजावरात दहीभाताशिवाय जेवण संपत नाही, तेव्हा सगळ्यांचीच तोंडं उतरली. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "त्या किड्यांच्यापायी तुझा हातगुण गेला गे इंदू. देवानंच सांगून दिलं की. बंगळूर-बिंगळूर अस्कं विसर." आमची अक्का कधी रडायची नाही. त्या दिवशी ती परसातल्या धुण्याच्या दगडावर जाऊन बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मी दाराआडून पाहत होते आणि, खरं सांगते, मला बरंही वाटलं. म्हणजे आता ती जाणार नव्हती!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आमच्या दूधवाल्याला, मुरुगनला, दारातच अडवलं. आधी तो नुसती मान हलवत राहिला, मग कबूल झाला. गायीची कास सुजली होती आणि गुरांच्या डॉक्टरनं सुई दिली होती. पेनिसिलिनची. चार दिवस दूध टाकून दे म्हणाला होता, ते यानं आमच्याकडे घातलं. अक्का रागवायच्या ऐवजी हसायलाच लागली. आईला मात्र तिनं काही सांगितलं नाही. संध्याकाळी शेजारून म्हशीचं दूध आणलं, आमच्याकडूनच शेजारी गेलेलं विरजणही परत मागून आणलं, आणि दोन भांडी मांडली. "आई, मुरुगनच्या दुधाला आज तू विरजण लाव. हे म्हशीचं मी लावते." सकाळी आईचं भांडं पातळ आणि अक्काचं घट्ट.

आई बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. "माझा पण गेला का गे?" तिचा आवाज इतका बारीक झाला होता की अक्कानं चटकन तिचा हात धरला. "तुझाही हात चांगला, माझाही. दुधात औषध होतं." परसात तेव्हा पडकी भिंत बांधायला कोत्तनार, म्हणजे गवंडी, आलेला होता. अक्कानं त्याच्याकडे बोट केलं. "दह्यातल्या जंतूंच्यातही असे कोत्तनार असतात. जंतू वाढेल तशी भिंत वाढवत नेतात. पेनिसिलिन त्यांचे हात धरून ठेवतं. मग भिंत होत नाही, आणि जंतू फुगून फुटतो."

"आणि निजून राहिलेला?"

"त्याला काही होत नाही आई. वाढणाऱ्यालाच भिंत लागते."

 दुपारी आईनं माळ्यावरची ट्रंक खाली काढायला सांगितली. बंगळूरला निघताना डबीत विरजण तिनंच घालून दिलं.

पुढं जन्मभर अक्का त्या कोत्तनारांच्या मागे राहिली. तिच्या कामातलं मला फार कळलं नाही. पुण्याला माझ्याकडे आली की आधी दह्याची चव बघायची आणि "तुझे कोत्तनार आळशी!" म्हणून माझी खिल्ली उडवायची. स्वतःचं विरजण ती जाईल त्या घरी सोबत नेत राहिली आणि निवृत्त झाल्यावर तेच घेऊन तंजावरला परतली.

त्या फोननंतर मी तंजावरला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. स्वयंपाकघरात कल्चट्टीवर ताटली झाकलेली होती. जायच्या आदल्या संध्याकाळी अक्कानं लावलेलं दही… आंबट ढोण झालं होतं, पण लागलं होतं. मरणाच्या घरातलं काही ठेवायचं नसतं, ओतून टाकते, असं लक्ष्मी म्हणाली. मी मान डोलावली, आणि तिची पाठ वळताच दोन चमचे दही डबीत घालून पिशवीच्या तळाशी दडवलं. या वयात चोरी!

पुण्याला येऊन त्यातलं एक चमचा दुधाला लावलं. सकाळी पाहते तर दूध तसंच. तंजावरात रडले नव्हते इतकी त्या ओट्याशी उभी राहून रडले. अक्काचं शेवटचं उरलेलंही माझ्या हातानं घालवलं, माझ्यातच हातगुण नाही… आणि रडता रडताच तिचा खट्याळ आवाज कानात आला, "अगं, दूध कुठलं होतं?"

डबीत एक चमचा शिल्लक होतं. मी दुसऱ्या गवळ्याकडून दूध आणलं, तापवून कोमट केलं, विरजण लावलं आणि झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं आणि सुरी आणायला गेले.