देवाची चिमूट

शेतातून बार ऐकू आला की माझं वाचन थांबे. बार झाल्यावर मामांनी "हाव!" म्हणून सुखरूप असल्याची हाक द्यायची, असं मामींनी त्यांना बजावलं होतं. ती हाक येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे.

मी कॉलेजात शिकलो ते मामांच्या जिवावर. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी तिथवर गेलं नव्हतं. बी.एस्सी. होऊन आसेगावजवळ मामांच्या घरी आलो तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. विलायती काडतुसं मिळेनाशी झाली होती. रात्री पिकाच्या जागलीला जाताना मामा परवान्याचं रिव्हॉल्व्हर कमरेला लावत. रानडुक्कर अंगावर आलं तर असावं म्हणून. उडवलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी ते घरीच पुन्हा भरत, आणि भरत तीही जोरकस.

"डुकराची कातडी चिलखतासारखी रायते, बाप्पा. फुसक्या बारानं त्याले गुदगुल्या होतात."

पण त्या जोरानं जुन्या रिव्हॉल्व्हरचा सांधा ढिला झाला होता. हलवलं की खडखड वाजे. एखाद्या दिवशी ते हातातच फुटेल, ही मामींची धास्ती. शेवटी नवं घ्यायचं ठरलं.

"तू सायन्स शिकला, तूच निवड," मामा म्हणाले. त्यांच्या उजव्या हाताची जबाबदारी अशी माझ्यावर आली.

अकोल्याच्या दुकानदारानं दोन रिव्हॉल्व्हरं पुढ्यात ठेवली. एक चकचकीत, मुलामा दिलेलं, मधून दुमडून उघडणारं. दुसरं काळं, ओबडधोबड, अखंड चौकटीचं. मामांचा हात पहिल्याकडेच गेला. मी दोन्हींची काडतुसं भरायची चक्रं उजेडात धरली. पहिल्यात काडतुसांच्या दोन घरांमधली भिंत पातळ होती, आणि सगळा जोर दुमडायच्या त्या एका सांध्यावर येणार होता. दुसऱ्याची भिंत जाड होती. चक्र बंद केल्यावर ते तसूभरही हललं नाही.

"हे काळं घ्या."

"हे लोढणं? कमरेले लावलं तं धोतर सुटन माहं!"

दुकानदार हसला. मी हसू शकलो नाही. मामांनी काळंच घेतलं. परतताना गाडीत मामा ते रिव्हॉल्व्हर पुनःपुन्हा हातात तोलत होते आणि मी मनातल्या मनात त्या भिंतींची जाडी पुन्हा तपासत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ओसरीवर काडतुसं भरायला बसले. मी पहिल्यांदाच जवळ बसून पाहत होतो. मापानं दारू ओतली, काठ बोटानं सपाट केला, आणि वरून आणखी एक चिमूट टाकली.

"हे कायले, मामा?"

"देवाची चिमूट. खळ्यावर जवारी मोजतो तवा वरून एक मूठ टाकतो का नाई? कोरं माप देऊ नये कोनाले." मग काळ्या रिव्हॉल्व्हरवर थाप मारून म्हणाले, "आता तं हा पठ्ठ्या दोन चिमट्या झेलते!"

मी मजबूत हत्यार निवडलं होतं, आणि त्या मजबुतीच्या भरवशावर चिमूट वाढणार होती. दाब, धातू, सगळं सांगून पाहिलं. मामा मान डोलवत राहिले आणि बोटं पुन्हा दारूच्या डब्याकडे गेली.

"मामा, देवाची चिमूट डुकराले काहून देता? देवालेच द्या ना. वेगळी काढून ठेवा."

ते थबकले.

"वाटी आन वं," त्यांनी मामींना हाक मारली. "देवापुढं ठेवू."

"देवापुढं दिवा असते!" मामी आतून ओरडल्या. त्यांनी पाण्यानं भरलेली वाटी आणून ठेवली. मामा प्रत्येक काडतुसामागं एक चिमूट त्या पाण्यात सोडू लागले, थोडे खट्टू होऊन.

मग ते नाल्याच्या काठाशी, मातीच्या दरडीवर बार काढून पाहायला गेले. आम्ही दोघं दारात उभे राहिलो. बार झाला. हाक येईना. मामींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"हाव!" आली एकदाची. पाठोपाठ तक्रार. "फुसका वाटते, भाच्या!"

"हात शाबूत हाय ना?" मामी ओरडल्या. "मंग फुसकाच बरा!"