फौजदारीण विकायची नाही

आमच्या गाईला सगळे फौजदारीण म्हणायचे. एरवी ती इतकी गरीब की नाव चेष्टेनेच ठेवलंय असं वाटावं. पण व्याली की नाव खरं करून दाखवायची. वासराच्या आसपास कुत्रं जरी फिरकलं तरी शिंगं खाली. जवळ जायची मुभा फक्त आईला, तीही आईने आधी बाहेरून आवाज दिला तर.

या खेपेला तिने धाकट्या काकांना उडवलं. घराच्या मागच्या दारातून परसात जायला गोठ्यातून जवळची वाट पडते. आई रोज सांगायची, "भावोजी, ती ओली आहे, नुकती व्यालीय, वळसा घालून जा." पण वळसा घालायचा म्हणजे गाईला भ्यायचं, आणि काका कुणाच्या बापाला भीत नाहीत! एका सकाळी चहाचा कप घेऊन ते थेट गाय आणि वासराच्या मधून निघाले. कप कुठे गेला ते अजून कळलेलं नाही. काका गव्हाणीत सापडले, हात मोडून.

"दुभत्या गाईच्या लाथा गोड," हे दुधाचा पेला रिचवताना हेच काका आम्हाला ऐकवायचे. हात प्लास्टरमध्ये गेला आणि म्हण बंद झाली. गाय विकायची, असा त्यांनी हुकूमच सोडला. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. माझी मुलगी नुकती चालायला लागली होती, आणि मागचं दार तिला फार आवडायचं.

दलाल ट्रक घेऊन आला. गाईकडे लांबूनच बघत म्हणाला, "मारकी गाय कुणी दावणीला बांधत नाही. पुढे तिचं काय होईल ते मला विचारू नका. वासरू वेगळं जाईल."

आईने ते ऐकलं आणि ती आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती आली ती हातोडी, खिळे आणि जुन्या पलंगाच्या फळ्या घेऊन. मागच्या दारावर फळी ठेवून तिने पहिला खिळा ठोकला.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"वाट बंद करतेय. गाय कुठे जाणार नाही."

"आणि उद्या नातीला मारलं म्हणजे? आईपणालाही काही हद्द असते!"

आईने हातोडी खाली घेतली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "याचे वडील गेले तेव्हा तुम्ही याला न्यायला आला होतात. वहिनीला काय जमणार, पोरगं आमच्याकडे वाढेल, म्हणालात. मी कोयता घेऊन याच दारात उभी राहिले. तुमची बाही फाटली, थोडं रक्तही आलं. आठवतंय? मग तेव्हा मला का नाही विकलंत?"

दलाल ट्रककडे बघायला लागला.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. एवढी वर्षं काकांनी सांगितलं नाही आणि तिनेही. मला राग आला. कुणाचा, ते सांगायला नको. मी दलालाला म्हटलं, "ट्रक रिकामा न्या." मग आईच्या हातातली फळी दाबून धरली.

"काका," मी म्हटलं, "उद्यापासून पुढच्या दाराने."