दार उघडं ठेवून घेतलेली चाचणी

स्वेटर मी घरीच विसरलो. विसरलो म्हणजे, बायकोनं तो स्कूटरच्या सीटवर ठेवला होता, मी उचलून फाटकाच्या खांबावर ठेवला आणि पिंपळगावला निघालो.

तिथल्या एका द्राक्ष व्यापाऱ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी बनवलेला कंट्रोल बोर्ड चौदा वर्षं पंखा आणि कॉम्प्रेसर सांभाळत होता. त्यातली चिप आता मिळत नाही, बिघडला तर दुरुस्ती नाही, म्हणून तो बदलायचा होता. माझे बाकीचे बोर्ड केव्हाच भंगारात गेले. हे एकच गिऱ्हाईक उरलं होतं. म्हणून नवा बोर्डही मीच बसवणार असं सांगितलं. हौसेनं नव्हे, घाबरून.

सगळ्या तारा एकेक करून नव्या बोर्डावर आणल्या. शेवटी राहिला दाराचा स्विच. दार लागलं की पंखा चालू, उघडलं की बंद. जुना बोर्ड तारेत वीज आली की दार लागलं असं समजायचा. नव्याची जोडणी उलटी, दार लागलं की वीज शून्य. प्रोग्रॅममध्ये एक ओळ फिरवायची होती. ती राहिली.

आत जाऊन दार लावलं असतं तर मिनिटात कळलं असतं. पण आत हाडं गोठत होती. मी दार सताड उघडं ठेवून, उन्हाची तिरीप पाठीवर घेत चाचणी घेतली. पंखा फिरला. ‘झालं!’ म्हटलं. दार उघडं असताना पंखा फिरतोच कसा, हे चौदा वर्षांच्या अनुभवाला सुचलं नाही. आतला गारवा कमी झाला की वाजणारी धोक्याची घंटा उद्या जोडू म्हणून निघालो. संध्याकाळी द्राक्षांच्या पेट्या आत लावून व्यापाऱ्याच्या माणसांनी दार बंद केलं, आणि पंखाही बंद झाला.

सकाळी फोन आला. पोचलो तर परदेशी जायच्या पेट्या ओल्या, मण्यांवर घाम, देठ काळपटलेले. व्यापारी ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, “शेठ, नव्या बोर्डात सिग्नल उलटा असतो.”

“असंल भाऊ. मला त्यातलं काय कळतंय? पण आता तुम्ही ऱ्हाऊ द्या. दुसरा माणूस बोलावलाय.”

येताना माझा जुना बोर्ड त्यांनी पिशवीत घालून दिला. तो अजून चालत होता.

घरी बायकोला सगळं सांगितलं, उन्हाच्या तिरिपेसकट. स्वेटर तिनं खांबावरून काढून घडी घालून ठेवला होता. ती म्हणाली, “अहो, सिग्नल उलटा होता ते सांगितलंत. दार लावून बघितलं नाहीत, हे सांगितलंत का त्यांना?”

मी पिशवीतला जुना बोर्ड बाहेर काढू लागलो.

“मग उद्या जा आणि सांगून या. आणि हा घालून जा.”