जांभईला उत्तर

सदतीस वर्षांच्या संसारात माझ्या बायकोनं माझ्यावर एकच आरोप सातत्यानं केला. ती बोलायला लागली की मला जांभई येते. आरोप खरा होता. संध्याकाळी शाळेतून आलो की ओसरीवरच्या खुर्चीत मी वर्तमानपत्र उघडायचो आणि ती समोर भाजी निवडत दिवसभराचं सांगायला बसायची. कुणाच्या पपईवर रोग पडला, कुणाच्या सुनेनं माहेरून काय आणलं, दूधवाल्यानं आज पुन्हा कसं पाणी घातलं. दोन मिनिटांत माझा जबडा आपोआप उघडायचा.

"मी बोलस का तुम्हले जांभई येस," असं म्हणून ती माझ्या तोंडासमोर उजव्या हाताची चुटकी वाजवायची. जांभईत तोंड उघडं राहिलं तर नको ते आत शिरतं, म्हणून चुटकी वाजवावी, ही तिच्या आईची शिकवण. तान्ह्या बाळासमोर सगळेच वाजवतात, ही माझ्यासमोर वाजवायची, आणि तीही इतकी कडक की कितीही झोप आली असली तरी उडावी. मग "पालथा घडावर पानी" असं पुटपुटत राहिलेली गोष्ट पुरी करायची. अर्धवट सोडलेली मला आठवत नाही.

मी विज्ञानाचा शिक्षक. घरातही शाळेतलीच मराठी बोलायचो. ती अहिराणीत विचारायची, मी पुस्तकी भाषेत उत्तर द्यायचो, आणि आमच्या ब्राह्मणपुरी गावात याची थट्टा व्हायची. मला त्यात थोडा मान वाटायचा, खोटं कशाला बोलू. दरवर्षी वर्गात मी सांगत आलो की शरीराला प्राणवायू कमी पडला की जांभई येते. मग दुसऱ्याची बघून आपल्याला का येते, असं एकदा एका मुलीनं विचारलं होतं. खोलीतली हवा सगळ्यांची एकच असते, असं मी ठोकून दिलं. मुलगी खाली बसली आणि मी पुढच्या धड्याकडे वळलो.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी तिला झटका आला. सकाळी भाकरी थापताना उजवी बाजू गेली आणि तिच्यासोबत वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिचा उजवा हात जिथे ठेवू तिथे पडून राहायचा. डावा चालत होता, पण त्यानं ती चादर ओढण्यापलीकडे काही करत नसे. डोळे उघडे असायचे, ते कशावर आहेत हे मात्र सांगता यायचं नाही.

मुलगी सुरतला असते. महिनाभर राहून गेली आणि मग रोज व्हिडिओ कॉल सुरू झाले. पप्पा, आईला कुशीवर वळवलं का? पप्पा, मूग गाळून दिले का? मी म्हणायचो, उंटावरून शेळ्या हाकू नकोस. नंतर वाईट वाटायचं, कारण तिचा तरी काय इलाज होता. सकाळी एक बाई येऊन अंघोळ घालून जायची. आळीतली माणसं पहिले दोन महिने येत राहिली, पुढे दारावरूनच हाक मारायला लागली, आणि मग तेही कमी झालं. घरात आम्ही दोघं, आणि आवाज भिंतीवरच्या घड्याळाचा. मी फार एकटा पडलो होतो. ज्या बडबडीनं मला झोप यायची ती थांबल्यावर मला दुपारची झोपही येईना.

ती बोलेल ही आशा मी सोडली होती. मला एवढंच हवं होतं की समोर बसलेला माणूस कोण, हे तिला कळतंय की नाही ते समजावं. लग्नाचे फोटो दाखवले, नातवाचा आवाज ऐकवला, तिच्या बहिणीची नक्कल केली, जिच्यावर ती हमखास हसायची. काही उपयोग झाला नाही.

एका दुपारी तिला मुगाचं पाणी चमच्यानं पाजत होतो. रात्री झोप झाली नव्हती म्हणून मला मोठी जांभई आली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिलाही आली. आणि तिचा उजवा हात, सात महिने हललाही नव्हता तो हात, कोपरात वाकून हळूहळू वर आला. छातीपर्यंत आला, बोटं पसरली, आणि जांभई संपल्यावर पुन्हा खाली पडला. माझ्या हातातली वाटी तिच्या साडीवर सांडली.

मी पुन्हा जांभई आणली. खोटी होती, ती लागली नाही. तिसऱ्या वेळी खरी आली आणि हात पुन्हा उठला. माझ्या तोंडाच्या दिशेनं उठला, असं मला दिसलं. ती चुटकी वाजवायला बघतेय याबद्दल माझ्या मनात शंकाच राहिली नाही.

शेजारच्या वहिनींना मी ओरडून बोलावलं. त्या कणकेच्या हातानं धावत आल्या, पाठोपाठ त्यांच्या सासूबाई. मग सगळ्यांसमोर मी पलंगाजवळ बसून जांभया द्यायला लागलो. आयुष्यभर फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस मी, पण इतकं एकाग्र होऊन कुणी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. आधी वहिनींना जांभई आली, मग सासूबाईंना, आणि शेवटी हिला. हात वर आला.

"खरंच हात उचलना वो माय," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. वहिनींनी मारुतीला नारळ कबूल केला. घरात परत माणसं यायला लागली. जो येईल त्याला मी जांभई देऊन दाखवायचो, आणि घरी जाताना जो तो जांभया देत जायचा. मुलीला फोनवर दाखवलं तेव्हा तिला रडू आवरेना. ते आठ दिवस माझे फार चांगले गेले.

नवव्या दिवशी गाडी करून तिला शहाद्याला डॉक्टरांकडे नेलं. वयानं तरुण, पण ऐकून घेणारा माणूस. मी जांभई दिली, तिनं दिली, हात उठला. डॉक्टर हसले नाहीत. अर्धांगाच्या काही पेशंटमध्ये असं दिसतं, म्हणाले. जांभईचा रस्ता मेंदूत वेगळा आणि फार जुना असतो, त्यातून तो हात ओढला जातो. "त्या उचलत नाहीत, सर. तो उचलला जातो."

"मग जांभई माझी बघून येते ना? म्हणजे ती मला ओळखते."

"टीव्हीवरच्या माणसाची बघूनही येते, सर."

मी विचारलं, मुळात जांभई येते तरी कशानं. नक्की कुणालाच माहीत नाही, ते म्हणाले, मेंदू थंड करायला येते असं काही जण म्हणतात, जवळच्या माणसाची लवकर लागते असंही म्हणतात. प्राणवायूचं मात्र खरं नाही. एवढी वर्षं शिकवलं ते एका वाक्यात गेलं, आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. मी तिच्या मांडीवर ठेवलेल्या हाताकडे बघत होतो.

मुलीला खरं सांगितलं. आळीत सांगायचा धीर झाला नाही, कारण वहिनींचा नारळ फोडून झाला होता. कुणी विचारलं की सुधारणा आहे म्हणायचो. हिच्यासमोर जांभई देणं मी बंद केलं. आली तर मान फिरवायची किंवा मागच्या अंगणात जाऊन द्यायची. तो हात असा उगीच उठलेला मला बघवत नव्हता. रागही यायचा, तिचा नव्हे, हाताचा. वर्तमानपत्र घेऊन तिच्या खोलीतच बसायचो, पण पान तोंडासमोर धरून. एका घरात राहून मी तिच्यापासून तोंड लपवत होतो.

असे तीनेक आठवडे गेले असतील. गेल्या चैत्रातली गोष्ट. पंखा गरम हवा फेकत होता. मी केळीच्या भावाची बातमी वाचत होतो आणि बेसावध असताना जांभई आली, चांगली लांबलचक, आवाजासकट. पान खाली गेलं होतं. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, म्हणून मी तिच्या उजव्या हाताकडे बघितलं. तो जागेवरच होता. तिला जांभई आलीच नव्हती.

डावा हात वर होता. पलंगावरून माझ्याकडे पुढे केलेला. अंगठा मधल्या बोटावर टेकवून ती घासत होती. चुटकी तिनं जन्मभर उजव्यानं वाजवली, डाव्याला सवय नाही. बोटं एकमेकांवरून घसरली, आवाज झाला नाही. तिनं पुन्हा वाजवून बघितली. पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा तिच्या कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये ती जुनी आठी पडली, माझ्यावरच्या वैतागाची. सदतीस वर्षं बघितलेली आठी मी ओळखणार नाही का.

मी वर्तमानपत्राची घडी केली आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली. मग तोंडातून आलं ते शाळेतल्या भाषेत आलं नाही.

"बोल," मी म्हटलं. "मी ऐकी ऱ्हायनू."

तिनं हात खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. बोलली काहीच नाही, बोलणारही नव्हती. उन्हं उतरेपर्यंत मी तिच्यासमोर बसून होतो, आणि मला एकदाही जांभई आली नाही.