एकदा डोळ्यांनी, एकदा कानांनी

आमच्या वहिनीला टीव्ही बघण्याचा पगार मिळतो. हे ऐकलं की लोक हेव्यानं बघतात, म्हणून मी आता कुणाला सांगतच नाही. बिनखिडकीच्या खोलीत दिवसभर परक्यांची भांडणं आणि मारामाऱ्या बघून डोकं कसं भणभणतं, ते त्यांना काय माहीत! मालिका लोकांना दाखवण्याआधी वहिनी ती बघते आणि ठरवते, ही सगळ्या घरानं एकत्र बघावी की मुलं झोपल्यावर फक्त मोठ्यांनी.

तिची पद्धत तिचीच. आधी आवाज बंद ठेवून नुसतं चित्र बघायचं, मग पडद्याकडे पाठ करून नुसता आवाज ऐकायचा. दोन्ही एकदम घेतलं की माणूस गोष्टीत गुंततो आणि शिव्या, रक्त निसटून जातं, असं तिचं म्हणणं. ऑफिसात तिला 'चाळणी' म्हणतात आणि ती ते मिरवते. घरी मात्र ती टीव्हीच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. आम्ही बघायला बसलो की ही स्वयंपाकघरात.

अंतराळयानाच्या त्या नव्या मालिकेला तिनं बिनदिक्कत 'सर्व कुटुंबासाठी' असं ठरवून टाकलं. दूरच्या ग्रहाकडे निघालेलं यान, त्यात एक मुलगी आणि तिची आई. चित्रात मुलगी दोन ताटं मांडून हसत जेवते. आवाजात आई मायेनं बोलते. ना रक्त, ना शिवी, साधा राक्षससुद्धा नाही.

"रविवारी बघा बिनधास्त," वहिनी मला म्हणाली. "बाबांनाही बसव."

बाबांना बसवणं म्हणजे सोपं काम नव्हतं. आई गेल्यापासून माझे वडील टीव्हीसमोर बसलेच नव्हते. ते रडलेही नव्हते आणि आईचा विषय निघाला की उठून जायचे. त्यांच्या शेजारची आईची खुर्ची तशीच होती. तिच्यावर कुणी बसत नसे, तिच्याबद्दल कुणी बोलतही नसे. नातीनं, म्हणजे वहिनीच्या मुलीनं, हाताला धरून ओढलं तेव्हा कुठे ते आले.

मालिका सुरू झाली. मुलीनं दोन ताटं मांडली. "अजून थोडं घे गं," तिची आई म्हणाली. आवाज यानाच्या भिंतीतल्या जाळीतून येत होता आणि दुसऱ्या ताटापुढची खुर्ची रिकामी होती. त्या मुलीची आई केव्हाच गेलेली होती. यानातलं यंत्र तिच्या आवाजात बोलत होतं.

वहिनी घड्या घालायचे कपडे घेऊन नेमकी तेव्हाच दारात आली. चित्र आणि आवाज तिनं पहिल्यांदाच एकत्र घेतले आणि ती तिथंच थिजली.

"आजोबा, आपल्याकडे पण अशी खुर्ची आहे," भाची म्हणाली.

बाबा उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. आतून त्यांचं रडणं ऐकू येत होतं. मला वहिनीचा असा राग आला म्हणून सांगू! "काय बघतेस तू तिथं दिवसभर?" मी म्हणाले. माझा दादा मला गप्प करायला लागला. कपड्यांचा गठ्ठा वहिनीच्या हातात तसाच होता.

सकाळी चहाच्या वेळी ती बाबांसमोर उभी राहिली. "बाबा, चुकलं माझं. आज जाते आणि शेरा बदलते. घरच्यांनी बघण्यासारखी नाहीच ती मालिका."

बाबांनी कप खाली ठेवला. "कशाला बदलतेस?"

"तुम्हाला त्रास झाला ना."

"झाला. वर्षभर रडू अडून बसलं होतं, ते काल मोकळं झालं. माझं चुकलं ते एवढंच, की मी आत जाऊन एकटा रडलो. तुम्ही सगळे तिथंच होतात की."

वहिनी ऑफिसात गेली. तिनं सगळे भाग पुन्हा बघितले, या वेळी चित्र आणि आवाज एकत्र. साहेबांशी तिची बरीच हुज्जत झाली म्हणे. संध्याकाळी आली ती डोळे सुजवूनच, आणि काय ठरलं ते काही सांगेना.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा बसलो. बाबा कुणी न बोलावता आले. मालिकेआधी पडद्यावर अक्षरं उमटली: 'सर्व कुटुंबासाठी.' त्याखाली आणखी एक ओळ होती: 'एकट्यानं बघू नये.'

बाबांनी ती वाचली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, ये इकडे."

वहिनी हात पुसत दारात आली. बाबांनी आईची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस," ते म्हणाले.